जाळी आधी, उलगडा नंतर

आम्ही हौसेने जुन्या पद्धतीचा एक छोटा ध्वनिवर्धक जोडला. त्यातली २ए३ ही ट्रायोड नळी १९३३ साली बाजारात आलेल्या जातीची. तिचा तंतू तापवायला सुमारे ६ वॅट लागतात, पट्टिकेला १५ वॅट पुरवावे लागतात, आणि आवाजासाठी हाती येतात जेमतेम साडेतीन वॅट! तरीही घरातल्या खोलीला ते पुरतात.

ट्रायोडची रचना साधी आहे. मध्ये तापलेला तंतू, त्याभोवती तारेची जाळी आणि बाहेर धातूची पट्टिका. तंतूतून सुटलेले इलेक्ट्रॉन धनभारित पट्टिकेकडे धावतात. वाटेतल्या जाळीवरचा विद्युत्दाब किंचित बदलला, की हा प्रवाह बराच बदलतो. तोटी थोडी फिरवून पाण्याची धार कमीजास्त करावी तसेच हे. पुस्तकात हे चार ओळींत उरकते. प्रत्यक्षात ते उमगायला कित्येक वर्षे लागली.

१९०४ साली फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची नळी केली. १९०६ च्या अखेरीस अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तशा नळीत जाळी घातली आणि १९०८ साली तिचे पेटंट मिळवले. पण नळीत उरलेला वायू हेच तिचे मर्म, अशी त्यांची समजूत होती! त्यामुळे एक नळी दुसरीसारखी वागत नसे.

१९१२ साली ही नळी अमेरिकेतल्या दूरध्वनी कंपनीला दाखवण्यात आली. दाब वाढवताच आत निळी झळाळी दिसे आणि आवाज बिघडे. तिथल्या हॅरल्ड अर्नोल्ड यांनी ओळखले, की वायू हा मदतनीस नसून अडथळा आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अर्व्हिंग लँगम्युरही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. हवा जवळजवळ पूर्ण काढलेल्या नळ्यांच्या बळावर २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को दूरध्वनीने जोडली गेली. त्याच सुमारास, डिसेंबर १९१४ मध्ये, तरुण एडविन आर्मस्ट्राँग यांनी जाळीवरचा दाब आणि पट्टिकेचा प्रवाह मोजून आलेख छापला. नळी कशी चालते, हे त्यातून स्पष्ट झाले.

मग शोध कोणाचा? जाळी डी फॉरेस्ट यांचीच. ते श्रेय कोणी हिरावू नये. पण उपकरण चालले म्हणजे ते समजले असे नव्हे, हेही मुलांना सांगायला हवे. विज्ञान प्रदर्शनात एखाद्याचे यंत्र चालले, की आपण शाबासकी देतो. त्याच वेळी विचारावे, "मोजून पाहिलेस का?"

असा आलेख वर्गात काढायचा तर नळी नको, तिला अडीचशे व्होल्ट लागतात. एक ट्रान्झिस्टर, बॅटरी, काही रोध आणि दोन मीटर पुरेत.