गेमिंग लॅपटॉप घेताय? बारामती-इंदापूरच्या उन्हात, विजेत आणि बजेटमध्ये कोणती फीचर्स खरंच कामाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेश सुरू झाले की घरोघरी एक चर्चा हमखास होते. "कॉलेजला लॅपटॉप लागणार आहे." आणि मुलाने किंवा मुलीने आधीच मोबाईलवर शोधून ठेवलेला असतो तो गेमिंग लॅपटॉप. लाल-निळा उजेड फेकणारा कीबोर्ड, जाडजूड चार्जर आणि ७० हजारांपासून दीड लाखापर्यंतची किंमत.

बारामती आणि इंदापूर तालुक्यात हा खर्च किती मोठा आहे, ते उसाच्या हिशोबात मोजून पाहा. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरवली. त्या दराने ८० हजारांचा लॅपटॉप म्हणजे साधारण साडेबावीस टन ऊस. तोही तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होण्याआधीचा.

त्यामुळे "जास्त महाग म्हणजे जास्त चांगला" हा नियम इथे परवडत नाही. कोणत्या फीचरला पैसे मोजायचे आणि कोणत्या फीचरकडे दुर्लक्ष करायचं, हे समजून घेऊया.

ग्राफिक्स कार्ड: नावासोबत वॅटही विचारा

गेमिंग लॅपटॉपच्या किमतीत सर्वात मोठा वाटा असतो तो ग्राफिक्स कार्डचा, म्हणजे जीपीयूचा. स्क्रीनवर दिसणारं प्रत्येक चित्र तयार करण्याचं काम हा भाग करतो. एनव्हिडियाची आरटीएक्स ३०५०, ४०५०, ४०६०, ५०५०, ५०६० ही नावं त्यासाठीच असतात. पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन त्या पिढीतला दर्जा.

पण नाव सारखं असलं तरी काम सारखं असेलच असं नाही. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० ला कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. बारीक, हलक्या लॅपटॉपमध्ये ती कमी दिली जाते, जाड लॅपटॉपमध्ये जास्त. कमी वॅटचं ४०६० कधीकधी पूर्ण वॅटच्या ४०५० च्या बरोबरीला येतं. म्हणून दुकानात "टीजीपी किती आहे?" हा प्रश्न विचारा. बॉक्सवर नसेल, तर कंपनीच्या वेबसाईटवर त्या मॉडेलच्या माहितीत हा आकडा सापडतो.

दुसरी गोष्ट, डेस्कटॉपचं कार्ड आणि लॅपटॉपचं कार्ड एक समजू नका. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये १२ जीबी मेमरी असते, तर त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डमध्ये ८ जीबी. यूट्यूबवर डेस्कटॉपची चाचणी बघून लॅपटॉप घेतला, तर अपेक्षाभंग होतो.

आज नवीन लॅपटॉप घेताना ग्राफिक्स मेमरी किमान ६ जीबी असावी, ८ जीबी असेल तर उत्तम. ४ जीबीच्या कार्डवर व्हॅलोरंटसारखे हलके गेम मजेत चालतात, पण नवीन मोठ्या गेममध्ये चित्राचा दर्जा बराच खाली आणावा लागतो.

प्रोसेसर: इथे फार ताणू नका

इंटेलचा आय५ की आय७, एएमडीचा रायझन ५ की रायझन ७, यावर भरपूर वाद होतात. बजेट ठरलेलं असेल, तर गेमसाठी सरळ हिशोब आहे. प्रोसेसर मधल्या श्रेणीचा घ्या आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डमध्ये घाला. आय७ आणि आरटीएक्स ३०५० या जोडीपेक्षा आय५ आणि आरटीएक्स ४०६० ही जोडी बहुतेक गेममध्ये सरस ठरते.

रॅम आणि स्टोरेज: नंतर वाढवता येते का?

१६ जीबी रॅम ही आता गरज समजा. ८ जीबीमध्ये विंडोज, ब्राउझर आणि गेम एकत्र आले की लॅपटॉप अडखळतो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर वेग चांगला मिळतो, कारण प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो.

खरेदीआधी रॅम मदरबोर्डला चिकटवलेली आहे की बदलता येणारी, हे विचारा. चिकटवलेली असेल तर आज घेतलेल्या रॅमवरच चार वर्षं काढावी लागतील. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढल्यामुळे जगभर मेमरी चिपचे भाव चढले. त्यामुळे "आता ८ घेऊ, नंतर वाढवू" हा बेत आखताना रॅमचा आजचा भाव आधी बघून घ्या.

एसएसडी ५१२ जीबीची असली तरी चालते, पण जीटीए ५ किंवा कॉल ऑफ ड्यूटीसारखा एकेक गेम १०० जीबीच्या आसपास किंवा त्याहून जास्त जागा खातो. दुसऱ्या एसएसडीसाठी आत मोकळा स्लॉट आहे का, एवढं पाहून ठेवा.

डिस्प्ले: १४४ हर्ट्झ पुरेसा, पण रंग तपासा

६० हर्ट्झच्या स्क्रीनवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ हर्ट्झवर दर ६.९ मिलिसेकंदांनी. निशाणा धरायच्या गेममध्ये हा फरक डोळ्यांना कळतो. त्यापुढे १६५, २४० हे आकडे वाढतात तसा जाणवणारा फरक कमी होत जातो. शिवाय ग्राफिक्स कार्ड तेवढ्या फ्रेम देत नसेल, तर त्या हर्ट्झचा उपयोगही नाही.

रंगांकडे मात्र दुर्लक्ष होतं. माहितीपत्रकात "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार. "१०० टक्के एसआरजीबी" असेल तर रंग खरे दिसतील. लग्नाचे व्हिडिओ, रील्स किंवा फोटो एडिट करून चार पैसे मिळवायचे असतील, तर ही एक ओळ फार महत्त्वाची.

ब्राइटनेस किमान ३०० निट्स असावा. उजेडाच्या खोलीत २५० निट्सची स्क्रीन मंद वाटते. 'मक्स स्विच' असेल तर चित्र थेट मुख्य ग्राफिक्स कार्डमधून स्क्रीनवर जातं आणि अनेक गेममध्ये फ्रेम वाढतात.

एप्रिल-मे महिन्यातलं ऊन: खरी परीक्षा इथे

लॅपटॉपचे बहुतेक रिव्ह्यू एसी असलेल्या खोलीत होतात. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून जास्त.

लॅपटॉपचा पंखा हवा थंड करत नाही. तो खोलीतलीच हवा आत ओढून गरम भागांवरून फिरवतो. खोली २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली, तर आतलं तापमानही जवळपास तेवढंच वर सरकतं. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांच्या जवळ पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. गेम सुरू केल्यावर वीस मिनिटं झकास चालतो आणि मग अडकायला लागतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

म्हणून दोन पंखे, मागे आणि बाजूला हवा बाहेर टाकणाऱ्या मोठ्या जाळ्या आणि थोडी जाड बॉडी ही इथल्या हवामानात कामाची फीचर्स आहेत. दिसायला देखणा, पातळ लॅपटॉप या उन्हात लवकर दमतो.

काही उपाय जवळजवळ फुकटात होतात. लॅपटॉप गादी-गोधडीवर ठेवू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. मागची बाजू इंचभर उचला. दुपारऐवजी रात्री खेळा. जिरायती भागात धूळ भरपूर, त्यामुळे वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून आतली साफसफाई करून घ्या. वॉरंटी चालू असताना लॅपटॉप उघडण्याबाबत कंपनीचा नियम काय आहे, ते आधी विचारा.

लाईट गेली तर?

गेमिंग लॅपटॉपची बॅटरी गेमिंगसाठी नसते, हे अनेकांना खरेदीनंतर कळतं. बॅटरीवर चालताना ग्राफिक्स कार्डला मिळणारी वीज खूप कमी होते आणि फ्रेम घसरतात. ८० वॉट-अवर बॅटरीचा लॅपटॉप गेममध्ये ८० वॅट ओढत असेल, तर तासाभरात बॅटरी संपते. कॉलेजच्या नोट्स काढताना हीच बॅटरी बरेच तास टिकते.

लाईट गेल्यावर लॅपटॉप लगेच बंद पडत नाही, पण राउटर बंद पडतो आणि चालू मॅच हातची जाते. राउटरला छोटा यूपीएस जोडला तर हा प्रश्न सुटतो. लॅपटॉप घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल, तर स्क्वेअर वेव्हपेक्षा साइन वेव्ह इन्व्हर्टर चार्जरसाठी चांगला.

चार्जरची पिन तीन खिळ्यांची असते ती अर्थिंगसाठी. घरात अर्थिंग नीट नसेल तर लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येऊ शकतात. वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या आणि व्होल्टेज वर-खाली होत असेल तर सर्ज प्रोटेक्टर लावा.

वीजबिलाचं गणित सोपं आहे. २०० वॅट घेणारा लॅपटॉप रोज चार तास गेमसाठी चालवला, तर महिन्याला २४ युनिट होतात.

लॅपटॉप महाग घेतला तर पिंग कमी होतो का?

नाही. पिंग म्हणजे तुमचा सिग्नल गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो इंटरनेटवर अवलंबून असतो. व्हॅलोरंटचा एक सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे गावात फायबर पोहोचलं असेल तर पिंग चांगला मिळू शकतो. शेतातल्या वस्तीवर मोबाईल हॉटस्पॉटवर खेळणाऱ्याला मात्र दीड लाखाचा लॅपटॉपही वाचवू शकत नाही.

शक्य असेल तिथे वायफायऐवजी लॅनची वायर लावा. त्यासाठी लॅपटॉपला लॅन पोर्ट आहे का, ते पाहा. काही पातळ मॉडेलमध्ये हा पोर्ट नसतो.

अभ्यासाला खरंच उपयोग होतो?

होतो, पण शाखेनुसार. बारामतीतलं विद्या प्रतिष्ठानचं कमलनयन बजाज इंजिनिअरिंग कॉलेज असो किंवा इंदापूरजवळचं वनगळीचं एस. बी. पाटील इंजिनिअरिंग कॉलेज, मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना थ्रीडी डिझाईनची सॉफ्टवेअर लागतात आणि त्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडतं. कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला मशीन लर्निंग शिकताना एनव्हिडियाचं कार्ड कामी येतं, कारण त्या क्षेत्रातली बरीच साधनं एनव्हिडियाच्या कुडा तंत्रावर चालतात. बारामतीत अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत एआय वापरण्याचा प्रकल्प राबवलाय, त्यामुळे हा विषय इथल्या मुलांसाठी दूरचा राहिलेला नाही.

बी.कॉम., बी.ए. किंवा टॅली-एक्सेलपुरतं काम असेल, तर अभ्यासाच्या नावाखाली गेमिंग लॅपटॉप घेण्याची गरज नाही. निम्म्या किमतीत साधा लॅपटॉप काम भागवतो आणि तो हलकाही असतो. गेमिंग लॅपटॉप चार्जरसह तीन किलोच्या आसपास जातो. इंदापूरहून बारामतीला रोज एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीला हा फरक कळतो.

बीजीएमआय खेळण्यासाठी लॅपटॉप घेत असाल तर थांबा. तो मोबाईलचा गेम आहे.

"गेम खेळून पैसे फेडीन" याचं काय?

घरच्यांना पटवताना हे वाक्य येतंच. संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. म्हणजे स्पर्धा खेळणं कायदेशीर आहे, पण त्यातून नियमित कमाई होणारे खेळाडू मोजकेच असतात. त्या भरवशावर हप्ते काढू नका.

हप्ते काढायचेच असतील तर 'नो-कॉस्ट ईएमआय' नीट वाचा. प्रोसेसिंग फी, व्याजावरचा जीएसटी आणि रोख खरेदीवर मिळाली असती ती सूट धरून एकूण रक्कम काढा.

जुना लॅपटॉप घेताना

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असाच जुना लॅपटॉप घ्या. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, तेही तपासा. दुकानातच अर्धा तास गेम चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज बघा. मूळ बिल आणि सिरीयल नंबर जुळत नसेल तर सौदा सोडून द्या.

पैसे देण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. ग्राफिक्स कार्ड कोणतं, मेमरी किती आणि टीजीपी किती वॅट?

२. रॅम १६ जीबी आहे का आणि ती बदलता येते का?

३. एसएसडीसाठी दुसरा स्लॉट आहे का?

४. स्क्रीन १४४ हर्ट्झ, १०० टक्के एसआरजीबी आणि ३०० निट्स आहे का?

५. पंखे किती, जाळ्या कुठे आणि याच मॉडेलची तासभर चाललेली चाचणी कुठे बघायला मिळेल?

६. ऑनसाईट वॉरंटी तुमच्या पिनकोडवर मिळते का? ४१३१०२ किंवा ४१३१०६ टाकून कंपनीच्या वेबसाईटवर स्वतः तपासा. नाहीतर दुरुस्तीसाठी पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागतील.

७. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर आणि वॉरंटीची तारीख मिळणार का?

या सातपैकी पाच प्रश्नांना नीट उत्तर मिळत नसेल, तर त्या दिवशी खरेदी करू नका. कीबोर्डचे रंगीत दिवे, ड्रॅगनचं चित्र आणि सोबत फुकट मिळणारी बॅग बघून तर अजिबात नको. ऑफर दसरा-दिवाळीला पुन्हा येते, उसाचं बिल मात्र वर्षातून एकदाच येतं.