उभे वाहन आणि उंदीर

शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणनजीकच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस जे पत्र धाडले, ते रयतेस तोशीस लावू नये या ताकिदीसाठी आज सर्वतोमुखी झाले आहे. परंतु त्याच पत्रात एका क्षुद्र प्राण्याविषयी जी खबरदारी सांगितली आहे, तिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेलेले दिसते. पावसाळ्याचे दिवस घोडदळाने एका जागी काढावयाचे, गवताच्या गंजी आणि दाण्याचा साठा घोड्यांच्या जवळच असावयाचा, लोकांची बिऱ्हाडे गवताने शाकारलेली असावयाची. अशा ठिकाणी रात्री दिवा जळता ठेवून निजू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि त्या एका वातीपायी गवत, छपरे व पागा यांची राखरांगोळी होईल, असे या पत्राचे सांगणे आहे. ज्या राजाचे सारे सामर्थ्य घोड्यांच्या वेगावर उभे होते, त्याने तेच घोडे चार महिने उभे राहिले असता त्यांना शत्रूइतकेच भय उंदराचे आहे हे ओळखावे, आणि त्याचा बंदोबस्त छावणीच्या अंमलदारांच्या शिरावर टाकावा, यात कारभाराची एक फार मोठी जाण आहे.

वाहन चालते असते तोवर उंदीर त्याच्या वाटेस सहसा जात नाही; ते थांबले की त्याचा अंमल सुरू होतो. ऊब, काळोख, आडोसा आणि जवळपास अन्नाचा कण एवढीच त्याची मागणी असते, आणि मनुष्याने निर्माण केलेले प्रत्येक वाहन मुक्कामास आले की ती बिनतक्रार पुरविते. पागेतील तेल दिलेले चामड्याचे खोगीर, वखारीच्या दारात सोडलेला गाडा, कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यापुरती ओढून झावळ्यांनी शाकारलेली होडी, ही सारी त्याची हक्काची बिऱ्हाडे होत. तथापि या उपद्रवाचा खरा इतिहास, म्हणजे ज्याची दप्तरे राहिली, ज्यावर कज्जे झाले आणि ज्यासाठी राष्ट्राराष्ट्रांनी करार केले तो इतिहास, जहाजांचा आहे.

भूमध्य समुद्रावरील व्यापाऱ्यांचे रीतिरिवाज एकत्र करून बार्सिलोना येथे चौदाव्या शतकात जो ग्रंथ सिद्ध झाला, त्या सागरी न्यायाच्या संहितेत मांजराला चक्क कायदेशीर स्थान आहे. जहाजावरील माल उंदरांनी खाल्ला आणि जहाजावर मांजर नसेल, तर नुकसानभरपाई जहाजाच्या धन्याने द्यावी; मात्र मांजरे होती, ती प्रवासात मेली, आणि पुढच्या बंदरात नवी घेण्यापूर्वीच नुकसान झाले, तर धन्याकडे कसूर नाही, असा तो निवाडा. नुकसान झाले की नाही हा येथे प्रश्नच नव्हे. ते टाळण्याची वाजवी तजवीज आधी केली होती की नाही, हा प्रश्न आहे.

पुढे इंग्रजी न्यायालये याहून कठोर झाली. १८५२ मध्ये जिनोव्याहून लंडनला आलेले चीज उंदरांनी खाल्ल्याचा दावा उभा राहिला, तेव्हा जहाजावर मांजरे होती हा बचाव चालला नाही; उंदीर ही काही समुद्राची आपत्ती नव्हे, सबब भरपाई द्यावी, असे न्यायमूर्तींनी ठरविले. मग १८८७ मध्ये आराकानातील अक्याब बंदरातून निघालेल्या तांदळाचा खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला. तेथे उंदरांनी तांदूळ खाल्ला नव्हता, तर जहाजातील शिशाची नळी कुरतडली होती. तिच्यातून समुद्राचे पाणी आत शिरले आणि तांदूळ नासला. मालकाकडून हयगय झालेली नाही असे आधीच सिद्ध झाले असल्याने, ही समुद्राचीच आपत्ती होय आणि जहाजमालक तीतून मुक्त आहे, असा अंतिम निर्णय झाला. म्हणजे उंदराने तांदूळ खाल्ला तर मालक देणेकरी, आणि नळी खाऊन तांदूळ बुडविला तर मालक निर्दोष! कायद्याच्या सूक्ष्म बुद्धीला हसावे असा मोह येथे होतो. परंतु उंदीर खातो त्याहून कुरतडतो त्याची हानी मोठी असते, ही गोष्ट या खटल्याने कायमची नोंदवून ठेवली.

तोवर हा सारा मामला पैशाचा होता. तो प्राणांचा झाला मुंबईत. १८९४ मध्ये हाँगकाँगला ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची, साथ उसळली आणि अलेक्झांडर येर्सिन याने तेथे त्या रोगाचा जंतू शोधला. दोनच वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, डॉ. आकासियु गाब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागातील रोग्यांवरून हाच रोग मुंबईत आल्याचे जाहीर केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा मोहल्ला, आणि त्याच्या उशाशीच १८८० चा प्रिन्सेस डॉक व १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक. एका बाजूस देशोदेशींची जहाजे, दुसऱ्या बाजूस गोणपाटांच्या थप्प्या, आणि मध्ये हातगाड्या व बैलगाड्यांची अष्टौप्रहर ये-जा. उंदरांच्या वसाहतीसाठी मुद्दाम नगररचना करावयाची म्हटली असती तरी याहून सोयीची साधती ना. सरकारने गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली, बिऱ्हाडे रिकामी केली, माणसे विलगीकरणात नेली. लक्षावधी लोक शहर सोडून गेले, आणि पुण्यात या अंमलबजावणीच्या जुलमाचा शेवट प्लेग-अधिकारी रँड याच्या वधात झाला. परंतु ज्याच्यामुळे हे सारे घडत होते तो प्राणी मात्र एका बिळातून हुसकला की शेजारच्या बिळात सुखाने नांदत होता, कारण रोगाचा आणि त्याचा संबंध सिद्ध व्हावयाचा होता.

तो संबंध १८९८ च्या जून महिन्यात कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने जुळविला. रोगी उंदीर काचेच्या बरणीत ठेवून त्याने तीत पिसवा सोडल्या; तो उंदीर मेल्यावर एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून त्याच बरणीत असा ठेवला की त्याला मेलेल्या उंदराचा स्पर्श होऊ नये, पण पिसवांना उडी मारता यावी. निरोगी उंदीर काही दिवसांतच ग्रंथिज्वराने मेला. यावर पुष्कळांनी अविश्वास दाखविला. पुढे १९०५ च्या सुमारास परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, ग्लेन लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोगाने तीच गोष्ट निर्विवाद केली. या शोधांच्या काळात धक्क्यास लागलेले प्रत्येक जहाज संशयित ठरले, आणि उंदराला जहाजातून उतरू न देणे व जहाजात चढू न देणे हे बंदराच्या कारभाराचे एक अंग बनले.

प्रथम आला संहार. गंधक जाळून त्याचा धूर यंत्राने जहाजाच्या पोटात सोडावयाचा, ही क्लेटनच्या यंत्राची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी बंदरोबंदरी पसरली. १९०३ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य-करारात जहाजांवरील उंदरांच्या नाशाला स्थान मिळाले. गंधकाच्या धुराने कापड विटे, धातू काळवंडे. म्हणून पुढे हायड्रोसायनिक वायू आला. तो मालाला अपाय करीत नसे, परंतु हवा पुरती खेळण्याआधी खाली उतरलेल्या माणसाला जिवंत वर येऊ देईलच अशी खात्री नसे. १९२६ च्या करारान्वये प्रत्येक जहाजाने मूषकनाशाचा, अथवा त्याची गरज नसल्याचा, दाखला जवळ बाळगावा आणि त्याची मुदत सहा महिने असावी, असा शिरस्ता पडला. संहाराची मर्यादा जमिनीवरही दिसून आली होती. १९०२ मध्ये हनोई शहरात फ्रेंच सरकारने उंदराच्या शेपटीमागे इनाम लावले, तेव्हा थोड्याच दिवसांत रस्त्यांवर शेपटी तुटलेले जिवंत उंदीर हिंडू लागले. लोक शेपटी कापून प्राण्याला वीण वाढविण्यासाठी सोडून देत होते.

खरा उपाय निघाला तो अगदी साधा, आणि त्यात कोणाला मारावयाचे नव्हते. जहाज धक्क्याला बांधले की त्याचे दोर हेच उंदराचे पूल. त्यातही काळा उंदीर हा जातिवंत नट असल्याने ताणलेल्या दोरावरून तो निर्वेधपणे चालत जातो. म्हणून प्रत्येक दोरावर पत्र्याची एक मोठी वाटोळी तबकडी बसवू लागले. तिची दोन अर्धुके बिजागरीने जोडलेली असतात. ती उघडून दोराभोवती मिटावयाची, कडी लावावयाची, आणि मधल्या भोकात दोर सैल बसत असेल तर चिंध्या कोंबावयाच्या. उंदीर पत्र्यापाशी येतो, कडेला पंजा टाकू पाहतो, गुळगुळीत पत्र्यावर नखे ठरत नाहीत आणि तो परत फिरतो. यात मख्खी एवढीच की तबकडी दोराशी काटकोनात राहिली पाहिजे, आणि शेजारचा दुसरा दोर किंवा धक्क्याची भिंत उडीच्या टप्प्यात नको. जहाजाच्या हेलकाव्याने ती कलली, किंवा आळसाने सहांपैकी पाचच दोरांना लावली, तर ती लावली काय आणि न लावली काय! याच्या जोडीला रात्री शिडी वर घेणे, ती खाली ठेवणे भागच असेल तर तेथे दिवा व पहारा ठेवणे, आणि जहाज धक्क्यापासून काही फूट दूर राखणे, हे नियम होते. १९२० नंतरच्या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने याच विचाराची पुढची पायरी गाठली: जहाज बांधतानाच दुहेरी तक्तपोशी, नळांभोवतीची पोकळी, फळ्यांमागचे अंधारे कोपरे राहू द्यावयाचे नाहीत, म्हणजे चुकून आत आलेल्या उंदरालाही घर मिळणार नाही.

आता आपली मोटार पाहावी. ती म्हणजे अशा पोकळ्यांचाच समुच्चय आहे. रात्री आवारात उभी केली की तासन्‌तास तिचे एंजिन ऊब देते, खालून शिरावयास वाटा अनेक, आणि आत वायरींचा जुडगा दाताखाली धरण्याजोगा मऊ. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने त्याला ते काही ना काही कुरतडून झिजवावेच लागतात. अक्याबच्या जहाजात शिशाची नळी होती, येथे तांब्याची तार. लोक बॉनेटमध्ये तंबाखूची पाने ठेवतात, डांबराच्या गोळ्या बांधतात, रात्रभर बॉनेट उघडे टाकून ऊब आणि काळोख दोन्ही घालवितात. यांतील शेवटचा उपाय मला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतो. वासाला उंदीर सरावतो, पण उजेडातील उघड्या जागेत घर करणे त्याच्या स्वभावात नाही. खालच्या भोकांना बारीक तारेची जाळी बसविणे हे तर दोरावरच्या तबकडीचेच सख्खे भावंड होय.

राहिला प्रश्न भरपाईचा, आणि येथे आपण बार्सिलोनाच्याही मागे आहोत असे वाटते. गृहनिर्माण संस्थेची कमिटी ‘वाहने आपापल्या जबाबदारीवर उभी करावीत’ अशी पाटी लावून मोकळी होते. मालक विमा कंपनीकडे जातो, आणि कुरतडणे हा अपघात की हयगय, यावर पत्रव्यवहार सुरू होतो. कचऱ्याचा डबा गाड्यांच्या रांगेला लागून कोणी ठेवला, कबुतरांसाठी मूठमूठ ज्वारी रोज सकाळी तेथेच कोण टाकते, मुलांच्या खाऊचे तुकडे मागच्या आसनावर किती दिवस पडून होते, हे मात्र त्या पत्रव्यवहारात कोठेही येत नाही. जहाजे तपासणारा जुना गोदी-अंमलदार त्या आवारात आला असता, तर त्याने बॉनेट उघडण्याआधी ज्वारी झाडून काढावयास लावली असती, आणि झाडूचा खर्च कमिटीच्या नावे टाकला असता.