घाम, बर्फ आणि १९११ सालचे कपडे

मागच्या जानेवारीत आम्ही ऑफिसमधले चौघं सोलांगला स्कीइंग शिकायला गेलो. माझ्या अंगात जीन्स, दोन कॉटनचे टी-शर्ट आणि वर जाडजूड जॅकेट. पडत-उठत अर्ध्या तासात घामाघूम झालो, आणि थांबलो तसा कुडकुडायला लागलो. थंडी बाहेरून नाही, आतून आली होती! याच घामाचा एक जुना, भयंकर किस्सा आज सांगतो.

जून १९११. अंटार्क्टिका. तिकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, सूर्य उगवतच नाही. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले तिघं, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरकडे निघाले. पारा एकदा उणे ६० अंश सेल्सियसच्याही खाली गेला. अंगावर लोकर, वरून वारा अडवणारं गॅबार्डिन. स्लेज स्वतःच ओढायच्या, म्हणजे घाम येणारच. तो बाहेर न पडता कपड्यांतच गोठायचा. एका सकाळी चेरी-गॅरार्डने तंबूबाहेर येऊन बघायला मान वर केली, आणि कपडे तसेच कडक झाले. पुढचे चार तास त्याने मान वर ठेवूनच स्लेज ओढली! त्याची स्लीपिंग बॅग निघताना १८ पौंडांची होती, परतताना ४५. वाढलेलं वजन म्हणजे गोठलेला घाम आणि श्वासातली वाफ. पाच आठवड्यांनी तिघंही जिवंत परतले, हातात तीन अंडी.

त्याच खंडावर नॉर्वेचा अमुंडसेन होता. १९०३ ते १९०६ या मोहिमेत तो उत्तर कॅनडातल्या नेत्सिलिक लोकांकडून कपडे शिकला होता. फरचे दोन सैल थर: आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. मध्ये हवा खेळते, घाम कोंडत नाही. शिवाय त्याच्या स्लेज कुत्री ओढायची, माणसं स्कीवर. आणि थंडी कमी असेल तेव्हासाठी त्याच्याकडेही लोकर आणि गॅबार्डिन होतंच.

तरी ८ सप्टेंबरला तो घाईने निघाला, पारा उणे ५० च्या खाली गेला, आणि फर असूनही मागे फिरावं लागलं. ऑक्टोबरात पुन्हा निघाला. १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर, आणि पाचही जण सुखरूप परत.

स्कॉट आणि त्याचे चार साथीदार परतीच्या वाटेवर गेले. ते फक्त कपड्यांमुळे नाही. अन्न, इंधन, मार्चमधली थंडी, सगळंच अंगावर आलं. आणि खरं सांगायचं तर स्लेज ओढणाऱ्या माणसाला फरमध्ये उकडूनच निघालं असतं.

म्हणजे नुसतं तापमान बघून कपडे निवडायचे नाहीत. आपण किती घाम गाळणार, तेही बघायचं. अंगाला चिकटून लोकर किंवा सिंथेटिक, मध्ये ऊब धरणारा थर, वर वारा अडवणारा. घाम फुटायच्या आधी एक थर काढायचा, थांबलं की लगेच चढवायचा. आणि हवा फारच बिघडली असेल, तर अमुंडसेनसारखं मुकाट्याने मागे फिरायचं.

कॉटन मात्र घरीच ठेवा. भेटू पुढच्या भागात!