शिक्षा आणि शिक्षण : स्वीडन व इंग्लंडमधील बालसंगोपनाचा एक धागा

मराठीतील ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे दोन्ही शब्द एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. उर्दूतील ‘तादीब’ म्हणजे शिस्तीसाठी केलेली शिक्षा. तिचे नातेही ‘अदब’ या शब्दाशी आहे. मुलाला घडविणे आणि मुलाला मारणे यांतील अंतर आपल्या भाषांनी फारसे राखलेले दिसत नाही. युरोपातही फार वेगळी स्थिती नव्हती. तेथील दोन देशांनी हे अंतर कसे निर्माण केले, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इंग्लंडमध्ये १८६० साली टॉमस हॉप्ली या शिक्षकाच्या मारहाणीत पंधरा वर्षांचा विद्यार्थी मरण पावला. मारण्यास वडिलांनी संमती दिली होती. हॉप्लीला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. परंतु त्याच खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी पालक व शिक्षक यांना माफक आणि वाजवी शारीरिक शिक्षेचा अधिकार असल्याचे तत्त्व मांडले. हे तत्त्व पुढे शतकाहून अधिक काळ टिकले. सरकारी शाळांतील छडी बंद करण्याचा निर्णय १९८६ साली ब्रिटिश संसदेत २३१ विरुद्ध २३० अशा एका मताने झाला. घरातील शिक्षेबाबत २००४ च्या कायद्याने ‘वाजवी शिक्षा’ हा बचाव रद्द न करता केवळ मर्यादित केला. स्कॉटलंडने २०२० मध्ये आणि वेल्सने २०२२ मध्ये तो काढून टाकला.

स्वीडनमध्येही पूर्वी घरोघरी मुलांना मार बसत असे. तेथे १९५८ साली प्राथमिक शाळांतील छडी बंद झाली, १९६६ साली पालकांना मारण्याची मुभा देणारी तरतूद वगळली गेली आणि १ जुलै १९७९ पासून पालकांनाही स्पष्ट मनाई झाली. असा कायदा करणारा हा जगातील पहिला देश होय. या कायद्यात स्वतंत्र दंडाची तरतूद नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पालकांना तुरुंगात धाडणे हा त्याचा उद्देश नव्हता. शासनाने माहितीपुस्तिका घरोघरी पोहोचविल्या आणि दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला, जेणेकरून आईवडील व मुले न्याहारीच्या वेळी त्याविषयी बोलतील. लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी १९७८ साली जर्मनीत शांतता पुरस्कार स्वीकारताना एका आईची हकीकत सांगितली होती. तिने मुलाला छडी आणावयास पाठविले. छडी न मिळाल्याने तो रडत दगड घेऊन आला. आईला आपल्याला दुखवायचेच आहे, तर दगडही चालेल, असे त्याला वाटले होते.

आपला संबंध इंग्लंडच्या परंपरेशी अधिक जवळचा आहे. हॉप्लीच्या खटल्याच्याच वर्षी, १८६० मध्ये, भारतीय दंडविधान संमत झाले. त्याच्या कलम ८९ ने बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने, किंवा त्याच्या संमतीने इतर कोणी, सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण दिले. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये ही तरतूद कायम आहे. दुसरीकडे, शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. अर्थात, शाळेच्या उंबरठ्याच्या आत एक न्याय आणि घराच्या आत दुसरा, अशी आपली स्थिती आहे.

आपल्या महाविद्यालयांत येणारा तरुण या दोन्ही उंबरठ्यांतून आलेला असतो. उत्तर चुकेल या भीतीने तो वर्गात तोंड उघडत नाही, तेव्हा आपण त्याला मंद समजतो. ‘तालीम’ देण्यापूर्वी त्याची ‘तरबियत’ कोणत्या साधनाने झाली आहे, हा प्रश्न आपण शिक्षकांनी पालकसभेत मोकळेपणाने मांडावयास हवा. स्वीडनमध्येही कायद्याइतकेच काम न्याहारीच्या टेबलावरील संभाषणावर सोपविले गेले होते.