हाली, कलदार आणि आजचे पूल

निजामाच्या राज्यात परभणीच्या बाजाराला दोन रुपये ओळखीचे होते. एक हैदराबादच्या टांकसाळीतला हाली सिक्का. दुसरा इंग्रजांचा, यंत्रावर पाडलेला म्हणून ‘कलदार’. सेलू-मानवतचा कापूस शेतकऱ्याकडून हालीत विकत घेतला जाई. तोच कापूस मनमाडमार्गे मुंबईला पोहोचला की त्याचे पैसे कलदारात उभे राहत. जिंतूरच्या उत्तरेला वऱ्हाड, तिथेही कलदारच. म्हणजे खिशातला रुपया पन्नास-साठ मैलांवर परका होई, आणि बदलताना त्याला बट्टा लागे. आपण ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो, तो हाच सराफकट्ट्यावरचा बट्टा.

शेवटी शेवटी दर ठरलेला होता: १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. आकडा विचित्र दिसतो, पण मांडून पाहिला तर सरळ सात हालीला सहा कलदार. हे प्रमाण कुणी हवेतून आणलेले नव्हते. कलदार सुमारे ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. हाली सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात ८२ टक्क्यांच्या आसपास. दोन्हींतली शुद्ध चांदी काढून भागाकार केला की उत्तर सातास सहाच्या अगदी जवळ येते. वर्गात दशांश अपूर्णांक शिकवताना मी हेच उदाहरण देतो. मुलांना ते पुस्तकातल्या आंब्यांपेक्षा आवडते.

आता मूळ मुद्दा. हाली रुपया सरहद्द ओलांडून कधी कलदार होत नसे. सराफ तुमचा हाली इथे ठेवून घेई आणि त्याचा आडत्या तिकडे कलदार देई. रस्त्याने जाई तो फक्त कागद, म्हणजे हुंडी. त्या कागदाची सुरक्षितता पाहण्यासारखी आहे. रक्कम एकदाच लिहीत नसत: रुपये ४००, निमे दोनशे, त्याचे दुप्पट पुरे चारशे. एक आकडा खोडला तर दुसरा बोंब मारी. हुंडी हरवली तर दुसरी प्रत ‘पेठ’, तीही गेली तर ‘परपेठ’. शहाजोग हुंडी असेल तर पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत. वाटेत चोराच्या हाती लागली तरी त्याला ती सहजी वटवता येत नसे.

सराफ हा शब्दच अरबी ‘सर्फ’वरून आला. सर्फ म्हणजे चलनाची अदलाबदल. फिकहमध्ये तिची अट कडक: देणे-घेणे एकाच बैठकीत, हातोहात, एकाने दिले आणि दुसऱ्याने उद्यावर ढकलले, असे चालत नाही. रस्त्याची जोखीम टाळण्यासाठी इथे पैसे देऊन तिथे घेण्याच्या ‘सुफ्तजा’ नावाच्या चिठ्ठीवर फुकहांनी पुष्कळ वाद घातला. त्या वादाकडे नुसता जुना कीस म्हणून पाहू नये. ‘मधल्या वेळात पैसा कुणाच्या हातात आहे?’ हाच त्यांचा प्रश्न होता.

आज आमच्याकडची पोरे मोबाइलवर विचारतात, ‘सर, यूएसडीटी कोणत्या नेटवर्कवरून पाठवू?’ त्यांच्यासाठी हा सगळा इतिहास. बिटकॉइन, इथेरियम, ट्रॉन, पॉलिगॉन ही वेगवेगळी राज्ये समजा, प्रत्येकाचे खाते वेगळे. बिटकॉइनच्या वहीत सरासरी दहा मिनिटांनी पान भरते, इथेरियमच्या बारा सेकंदांनी. कुठे शुल्क जास्त, कुठे नगण्य. पण स्वस्त राज्यात वही सांभाळणारे किती आणि कोण, हे आधी विचारावे. यूएसडीटी हे नाव सगळीकडे एकच, तरी ट्रॉनवरचा यूएसडीटी इथेरियमच्या वहीत सापडणार नाही. ट्रॉनचा पत्ता ‘टी’ने सुरू होतो, इथेरियमचा ‘शून्य एक्स’ने, ही चूक डोळ्याला दिसते. पण इथेरियम आणि पॉलिगॉनचा पत्ता एकसारखा असतो आणि वॉलेट तक्रार करत नाही. वॉलेट तुमचे स्वतःचे असेल, किल्ली हाती असेल, तर पैसे सापडतात. एक्स्चेंजचे खाते असेल आणि ते नेटवर्क तिथे चालत नसेल, तर त्यांच्या मर्जीवर बसा. म्हणून पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही बाजूंचे नेटवर्क जुळवा, आधी थोडी रक्कम पाठवून पोहोच बघा, आणि पलीकडच्या राज्याची थोडी चिल्लर जवळ ठेवा. ट्रॉनवर शुल्क टीआरएक्समध्ये लागते. यूएसडीटी भरपूर आणि टीआरएक्स शून्य, म्हणजे मनमाड स्टेशनवर हालीची थैली घेऊन तिकीट मागणे.

एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर नेणारे जे ‘ब्रिज’ आहेत, त्यातले बरेचसे सराफाचेच काम करतात. तुमचे टोकन इकडे कुलुपात, तिकडे त्याची चिठ्ठी तुमच्या हाती. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजच्या नऊपैकी पाच किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि साठ कोटी डॉलरहून अधिक किमतीची तिजोरी रिकामी झाली. त्याआधी फेब्रुवारीत वर्महोलवर उलटा प्रकार झाला: तिजोरीत काही न ठेवताच १,२०,००० इथरच्या चिठ्ठ्या छापल्या गेल्या. निमे-दुप्पट ताडून पाहणारा मुनीम तिथे झोपला होता, असे म्हणायला हरकत नाही.

हालीचा शेवट सावकाश झाला. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर १९५० मध्ये भारतीय रुपया सात-सहाच्याच प्रमाणात सोबत आला, १९५१ मध्ये हाली काढणे थांबले, आणि तो पूर्ण रद्द व्हायला १९५९ उजाडले. लोकांना बदलून घ्यायला वर्षे मिळाली. चांदीचा हाली राहून गेला तरी चांदीचा भाव होताच. मराठीसुद्धा छापलेली हैदराबादची नोट राहून गेली, ती मात्र कागद झाली. मल्टिचेन या ब्रिजने जुलै २०२३ मध्ये काम बंद केल्याचे जाहीर केले, तेव्हा कंपनीनेच सांगितले की मुख्य चालक मे महिन्यापासून चीनच्या पोलिसांच्या ताब्यात आहे आणि किल्ल्या त्याच्याच हाती होत्या. त्याच्या आठवडाभर आधी बारा कोटी डॉलरहून अधिक रक्कम तिजोरीतून निघून गेली होती. फँटम नेटवर्कवर ज्यांच्याकडे त्या ब्रिजच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांना पेठही मिळाली नाही आणि परपेठही नाही.