गाण्यांची यादी

गाणें ऐकणें ही एक गोष्ट आणि कोणत्या गाण्यामागून कोणतें गाणें ऐकावयाचें हें ठरविणें ही दुसरी. ग्रामोफोनची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई, तेव्हां तिची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, आणि पुढची तबकडी कोणती हें पेटीजवळ बसलेल्या माणसाचा हात ठरवी. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें कॅसेट पुढें आणली; १९७९ सालीं सोनीच्या वॉकमननें ती लोकांच्या खिशांत नेली. मग क्रम फितीवरच उमटूं लागला. तो बदलावयाचा तर सारी फीत पुन्हां भरावी लागे. क्रम आणि संगीत हीं दोन एकमेकांपासून सुटीं कशीं झालीं, आणि क्रमाची सत्ता कोणाच्या हातीं गेली, याचा थोडा मागोवा येथें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा, ध्वनीचे जे अंश गाळले तरी कानास उणीव भासत नाहीं ते गाळून ध्वनिमुद्रण लहान करण्याच्या युक्तींत मोठा वांटा होता. १९९५ च्या जुलैंत अशा फाईलींच्या नांवापुढें ‘एमपी३’ हीं अक्षरें लावण्याचें तेथें ठरलें. सीडीवरील संगीतास दर सेकंदास १४,११,२०० बिट लागतात. एमपी३ च्या त्या काळच्या रूढ मापानें १,२८,००० पुरत, म्हणजे सुमारें अकरावा हिस्सा. त्याच संस्थेच्या ‘विनप्ले३’ नांवाच्या आज्ञावलीसाठीं गाण्यांच्या यादीची एक फाईल योजण्यांत आली. तिला एम३यू म्हणतात. १९९७ सालीं निघालेल्या ‘विनअँप’नें ती सर्वतोमुखीं केली.

या फाईलींत संगीताचा एक स्वरहि नसतो. एका ओळींत एका गाण्याचा पत्ता, एवढाच तिचा ऐवज. लग्नघरांतील आमंत्रणाच्या यादीसारखीच ती होय: तींत नांवें असतात, पाहुणे नसतात. ओळी खालींवर केल्या कीं क्रम बदलतो, आणि एकच गाणें दहा याद्यांत सुखानें नांदूं शकतें. पण पाहुण्यानें बिऱ्हाड बदललें तर आमंत्रण रिकाम्या घरीं जावें, तसेंच येथेंहि होतें. घरच्या संगणकाच्या ‘सी’ खणांतील पत्ते लिहिलेली यादी खिशांतल्या प्लेअरमध्यें नेली, तर तेथें ‘सी’ खण कोठला? यादी पुरी आणि गाणें एकहि नाहीं! यावर तोडगा म्हणून हौशी लोकांनीं लहानलहान आज्ञावली लिहिल्या. फोल्डरांतील गाणीं मोजावीं, पत्ते यादीच्याच ठिकाणापासून सांगावेत, तिरप्या रेघांची दिशा प्लेअरला कळेल अशी फिरवावी, एवढेंच त्यांचें काम.

मराठी माणसास आणखी एक अडचण होती. मूळच्या यादीची अक्षरमाला पश्चिम युरोपांतील भाषांपुरती होती. देवनागरींत नांव दिलेलें गाणें तींत लिहितां येत नसे. पुढें यूटीएफ-८ या लिपिसंकेतांतील ‘एम३यू८’ हा प्रकार रूढ झाला, तेव्हां आमच्या लिपीस त्या यादींत जागा मिळाली.

यादीची खरी गरज मात्र प्लेअर मोठे झाल्यावर भासली. १९९८ सालीं दक्षिण कोरियाच्या साइहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ आणि अमेरिकेंतील डायमंड कंपनीचा ‘रिओ’ हे बाजारांत आले. रिओची साठवण ३२ मेगाबाइट, म्हणजे अर्ध्या तासाचें संगीत. सात-आठ गाण्यांस यादी कशाला? तरीहि ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेनें रिओवर दावा लावला. १९९९ च्या जून महिन्यांत अपील न्यायालयानें निकाल डायमंडच्या बाजूनें दिला. पुढें २००१ च्या ऑक्टोबरांत अॅपल कंपनीचा ५ गिगाबाइटचा आयपॉड आला आणि हजार गाणीं खिशांत मावूं लागलीं.

आमच्या विषयाचा मर्मभाग २००५ सालांतला आहे. त्या जानेवारींत ‘आयपॉड शफल’ निघाला. त्यास पडदा नव्हता. क्रमानें ऐकावें कीं उलटसुलट, एवढें ठरविणारी एक सरकती कळ होती. संगणकास तो जोडला म्हणजे साध्या साठवणीप्रमाणें उघडे आणि त्यांत गाणें सहज ठेवितां येई. पण तें वाजत नसे. कारण शफल केवळ ‘आयट्यून्सएसडी’ नांवाचें आपलें खातें वाचीत असे. गाणें यंत्रांत आहे पण खात्यांत नाहीं, म्हणून यंत्राच्या लेखीं तें नाहींच! हें खातें कंपनीची आयट्यून्स ही आज्ञावली लिही, आणि ती लिनक्स वापरणारांस मिळत नसे.

कंपनीची बाजूहि नमूद केली पाहिजे. खात्याचा आरंभ १८ बाइटांचा आणि पुढें प्रत्येक गाण्यास नेमके ५५८ बाइट. त्यामुळें पन्नासावें गाणें कोठें हें यंत्रास एका गुणाकारांत कळे. ५१२ मेगाबाइटच्या शफलांत सुमारें १२० गाणीं मावत. त्यांचें सारें खातें ६६,९७८ बाइटांत आटपे. रचना सुटसुटीत होती, पण तिची किल्ली लोकांस दिलेली नव्हती. जिज्ञासूंनीं एकेक बाइट ताडून ती शोधून काढली आणि त्याच वर्षीं पायथन भाषेंत लिहिलेली एक चिमुकली आज्ञावली प्रसिद्ध झाली. ती शफलमध्येंच ठेवावी, गाणीं टाकावीं आणि ती चालवावी. खातें नव्यानें लिहिलें जाई. फाईलींच्या नांवांआधीं अंक घातले कीं क्रमहि आपल्या मनाजोगता लागे.

एवढ्याशा गोष्टीचें महत्त्व काय, असें वाचक विचारतील. आमच्या मतें महत्त्व हें, कीं वस्तु विकत घेतल्यानें तिच्यावरील सत्ता आपोआप हातीं येत नाहीं. खातें जो लिहितो तोच धनी ठरतो. त्या चिमुकल्या आज्ञावलीनें लेखणी ऐकणाराच्या हातीं परत दिली.

शफलची विक्री २०१७ सालीं थांबली आणि २०२२ सालीं आयपॉडच बंद झाला. साधी यादी मात्र टिकून राहिली. ज्या कंपनीच्या खिशांतील यंत्रास ती वाचतां येत नव्हती, त्याच कंपनीनें २००९ सालीं महाजालावरून चित्रप्रक्षेपण करण्यासाठीं तीच एम३यू८ ची रीत उचलली. प्रक्षेपणाचे कांहीं सेकंदांचे तुकडे करावयाचे आणि त्यांचे पत्ते ओळीनें लिहावयाचे. आज क्रिकेटचा सामना फोनवर पाहणाराच्या पडद्यामागें पुष्कळदां अशीच एक यादी चालत असते.

कोणासहि वाचतां येईल असें लिहिलेलें पुष्कळदां लिहिणाराच्या यंत्राहून अधिक टिकतें. वीस वर्षांपूर्वीं कोणीं हौसेनें केलेली एखादी यादी घरांत सांपडली, तर वाचकांनीं ती अवश्य उघडावी. गाणीं कदाचित् वाजणार नाहींत. पण कोणत्या गाण्यामागून कोणतें गाणें त्या माणसास हवें होतें, तें ओळीनें वाचतां येईल.