अंकीय चाचेगिरी व मराठी चित्रपट

प्रताधिकारधारकाच्या अनुमतीवाचून चित्रपट, संगीत, ग्रंथ इत्यादींच्या अंकीय प्रती काढणे व त्यांचा प्रसार करणे, यास अंकीय चाचेगिरी म्हणतात. वाङ्मयचौर्यात दुसऱ्याची कृती स्वतःची म्हणून मांडली जाते. चाचेगिरीत कर्त्याचे नाव कायम राहते, मात्र त्याचा मोबदला बुडतो.

भारतात हा प्रश्न प्रथम ध्वनिफिती व चित्रफिती यांच्या प्रसारामुळे गंभीर झाला. त्यास आळा घालण्यासाठी १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात १९८४ मध्ये सुधारणा करून शिक्षा वाढविण्यात आली. फितीवरून फीत उतरविताना दर वेळी दर्जा घटे. अंकीय प्रत मात्र मुळाबरहुकूम असते. तबकड्या, मेमरी कार्डे व महाजाल यांमुळे प्रत काढण्याचा खर्चही नगण्य झाला. हदगावसारख्या तालुक्याच्या गावांतून मोबाइलच्या दुकानांत अल्प पैशांत गाणी व चित्रपट कार्डावर भरून मिळू लागले. महाराष्ट्र शासनाने धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्यासंबंधीच्या १९८१ च्या अधिनियमाच्या कक्षेत २००९ मध्ये दृक्‌श्राव्य कृतींच्या चाच्यांनाही आणले.

मराठी चित्रपटाची भाषिक बाजारपेठ मर्यादित असल्याने निर्मात्याची भिस्त पहिल्या काही आठवड्यांतील तिकीटविक्रीवर असते. नागराज मंजुळे दिग्दर्शित सैराट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला व अल्पावधीतच त्याच्या अवैध प्रती सर्वत्र पसरल्या. तरीही तो मराठीतील तोवरचा सर्वाधिक उत्पन्नाचा चित्रपट ठरला. यावरून चाचेगिरी निरुपद्रवी ठरत नाही. असाधारण लोकप्रियतेला असा आघात सोसतो; अल्प भांडवलाच्या चित्रपटाचा निर्मितिखर्चच वसूल होत नाही आणि निर्मात्याचे पुढील काम खुंटते. त्याच वर्षी उडता पंजाब या हिंदी चित्रपटाची परीक्षणासाठी दिलेली प्रत प्रदर्शनापूर्वीच महाजालावर आली. चोरी केवळ चित्रपटगृहातील छुप्या चित्रणातूनच होते असे नाही, हे त्यावरून दिसून आले.

२०२४ मधील एका औद्योगिक अहवालात भारतातील चाचेगिरीची २०२३ मधील उलाढाल २२,४०० कोटी रुपये अंदाजिली आहे. अवैध प्रत पाहणारा प्रत्येक जण तिकीट काढतोच असे नसल्याने, ही रक्कम म्हणजे उद्योगाचे तेवढेच प्रत्यक्ष नुकसान असे मानता येत नाही. २०२३ च्या चलच्चित्र (सुधारणा) अधिनियमान्वये या गुन्ह्यास तीन महिने ते तीन वर्षे कारावास, तसेच किमान तीन लाख रुपये व कमाल निर्मितिखर्चाच्या पाच टक्के इतका दंड विहित आहे. तथापि चित्रपटगृहे दूर असलेल्या भागांत अल्प दरातील वैध प्रत वेळेवर पोहोचविण्याची व्यवस्था झाल्यावाचून केवळ शिक्षेच्या भयाने चाचेगिरीस पायबंद बसणे कठीण आहे.